पाळणाघरातल्या मावशींची पोलीस पडताळणी

प्रश्न : मी अंबरनाथला राहते. मुलीला पाळणाघरात ठेवायचं आहे. मावशींची पडताळणी झाली का, असं विचारलं तर त्यांना राग येईल का?

उत्तर : आला तरी विचाराच. 2020च्या पॉक्सो नियमांनुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी अशा प्रत्येक ठिकाणी, मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक आहे. मग तो कायम असो वा कंत्राटी. ऑगस्ट 2024मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराच्या आरोपाखाली पकडलेला सफाई कामगार ठेकेदारामार्फतच आला होता. म्हणून मावशींपुरतं विचारून थांबू नका; व्हॅनचालक, सफाईवाली, सुट्टीच्या दिवशी येणारी बदली बाई, सगळ्यांचं विचारा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येतो. प्रमाणपत्रावरची तारीख आणि पत्ता नीट बघा.

मात्र या कागदावर नोंदलेले गुन्हेच दिसतात. ज्याच्याविरुद्ध कुणी तक्रारच केली नाही, त्याचा कागद कोराच असतो. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या आधीच्या मालकांना स्वतः फोन करा, आणि मुलांना शौचालयात कोण नेतं हे आवर्जून विचारा. मुलीने काही सांगितलं तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. 1098 किंवा 112 लावा.