स्टेशनचे नाव मस्जिद

मुलांनो, सांगली-साताऱ्याहून रेल्वेने मुंबईला गेलात, तर शेवटचे स्टेशन येण्याच्या थोडे आधी खिडकीतून एक पाटी दिसेल : 'मस्जिद'. तुमची गाडी तेथे थांबत नाही. लोकल गाड्या थांबतात. ही मशीद कोणती बरे? त्या भागात मशिदी आहेत; पण स्टेशनला हे नाव मिळाले ते ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहावरून, असे सांगतात. अशा प्रार्थनागृहाला सिनॅगॉग म्हणतात.

कोकणातील ज्यू स्वतःला 'बेने इस्राईल' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. कुराणात 'बनी इस्राईल' येतात ना? फार पूर्वी गलबत फुटून आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे हे लोक सांगतात. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची मातृभाषा मराठी. पण सिनॅगॉगला ते 'मशीद' म्हणत!

सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांच्यापैकीच एक. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. हे कैदी बनी इस्राईल आहेत, हे कळताच टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आठवण सांगतात. सुटून आल्यावर सामाजींनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनॅगॉग बांधले. १८६० साली ते आताच्या जागी आले. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. सामाजींचे दुसरे नाव सॅम्युएल होते.

१९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला आणि पुढे बहुतेक बेने इस्राईल तिकडे गेले. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. दहा जमलेच नाहीत तर? केरळातील परवूर गावी तसे झाले. तेथील जुने सिनॅगॉग ओस पडले. पवित्र ग्रंथ ठेवण्याचे कोरीव लाकडी कपाट इस्रायलला गेले. पुढे सरकारने इमारत दुरुस्त केली, कपाटाची हुबेहूब प्रतिकृती बसवली आणि तेथे ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय केले. भिंती वाचल्या, हे चांगलेच झाले. पण तेथे आता तिकीट काढून पाहुणे येतात.

मुंबईचे सिनॅगॉग अजून उभे आहे. पुढच्या वेळी मुंबईला जाल, तेव्हा लोकलने एक स्टेशन मागे या. आत जायला मिळाले, तर खिशात टोपी असू द्या. तेथेही पुरुष डोके झाकूनच प्रार्थना करतात.