नवं-जुनं थांबव, पोरी

परवा एसटी स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभी होतीस. "कसं चाललंय?" म्हणून विचारलं, तर "बरं चाललंय, ताई" म्हणालीस आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. मग हळूच बोललीस, "घरात दोन पगार येतात, ऊस जातो, डेअरीला दूध जातं, तरी कर्ज का फिटत नाही हो?" तेवढ्यात गाडी लागली आणि बोलणं अर्धंच राहिलं. उरलेलं आज लिहिते. रात्री जेवणं आवरली की निवांत वाच.

आधी मनातली लाज काढून टाक. नाबार्डच्या २०२१-२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ५२ टक्के घरांवर कर्ज निघालं. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला तू, तर दुसऱ्या बाजूला शेजारीण. आपली गारगोटी तर पगारदारांची. डॉ. जे. पी. नाईकांनी इथं मौनी विद्यापीठ उभं केलं, मुलं शिकली, घरोघरी कुणी शिक्षक झालं, कुणी लिपिक, कुणी नर्स. महिन्याच्या महिन्याला पैसा येणारी घरं झाली. आणि पोरी, गोम तिथंच आहे. पगार बांधलेला असतो म्हणूनच आपल्याला कर्ज पटकन मिळतं. आपल्या पगारपत्रकाची झेरॉक्स बघून कुणी नाही म्हणत नाही.

माझंच सांगते. आमच्या ह्यांनी घराच्या स्लॅबसाठी पतसंस्थेतून पाच लाख काढले. दर १२ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता अकरा हजार एकशे बावीस. दोन वर्षं हप्ता एकदाही चुकला नाही. मग नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं आणि आम्ही कर्ज नवं-जुनं केलं, म्हणजे नवं काढून त्यातून जुनं मिटवलं. पुन्हा पाच लाख, पुन्हा पाच वर्षं, हप्ता तोच. हप्ता वाढला नाही म्हणून मला वाटलं, काहीच बिघडलं नाही. आणखी दोन वर्षांनी मी पहिल्यांदा कागद पेन घेऊन बसले. चार वर्षांत आम्ही भरले होते पाच लाख चौतीस हजार, आणि डोक्यावर अजून तीन लाख पस्तीस हजार उभे होते. नवं-जुनं केलं नसतं, तर त्या दिवशी सव्वा लाख उरले असते आणि वर्षभरात आम्ही मोकळे झालो असतो. लग्नाला प्रत्यक्ष हातात आले होते एक लाख पासष्ट हजार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

असं का होतं, ते समजून घे. पहिल्या वर्षांतल्या हप्त्यात व्याजाचा वाटा मोठा असतो, मुद्दल हळू उतरतं. मुद्दल भराभर उतरायची वेळ आली की आपण नवं-जुनं करतो आणि पुन्हा व्याजाच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभे राहतो.

दुसरी गोष्ट कपातीची. हप्ता पगारातून परस्पर जातो, म्हणून तो कधी चुकत नाही. पण हातात येतो तो उरलेला पगार. वीस तारखेनंतर ओढ लागते. मग कार्डावर किराणा, भिशी आधी उचलणं, बचत गटातून दहा हजार, ओळखीतल्या कुणाकडून शेकडा तीननं वीस हजार. ही बारकी देणी साचली की ती मिटवायला मोठं कर्ज पुन्हा नवं-जुनं. कपात वाढते, हातातला पगार आणखी बारीक होतो, पुढच्या महिन्यात ओढ पंधरा तारखेलाच लागते. तू ज्याला "फिटत नाही" म्हणतेस ना, ते हे चाक आहे.

म्हणून पहिलं काम वहीचं. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि त्यांनी कर्जखतं आणि वह्या जाळल्या. कारण आपण किती देणं लागतो हे फक्त सावकाराच्या वहीत होतं. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला आणि कर्ज घेणाऱ्याला पावती आणि हिशेब मागायचा हक्क मिळाला. तो हक्क आज आपल्याला आहे, पण आपण हिशेब मागतच नाही. शंभर पानी वही आण. प्रत्येक देण्याला एक पान. कुणाचं, किती बाकी, दर किती, हप्ता किती, शेवटचा हप्ता कधी. पतसंस्थेत जाऊन खातेउतारा माग. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तोही काढ. फोनवर दोन मिनिटांत घेतलेलं आणि विसरलेलं कर्जसुद्धा त्यात दिसतं. भावाकडून घेतलेले हातउसनेही लिही. कुणाचंही सोडू नकोस.

मग सगळे दर वर्षाच्या हिशेबात मांड, म्हणजे डोळे उघडतात. महिन्याला शेकडा तीन ऐकायला बारीक वाटतं, वर्षाला होतात ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. क्रेडिट कार्डावर बाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. चाळीस हजारांच्या बाकीवर दोन हजारांची किमान रक्कम भरलीस, तर त्यातले चौदाशे व्याजातच जातात, वर जीएसटी. मुद्दल चारशे रुपयेसुद्धा उतरत नाही. आपण मात्र समाधानात असतो, की ह्या महिन्याचं भरलं.

त्याच वहीत पीककर्जाचं पान बघ. विकास सेवा संस्थेचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून ते शून्य टक्क्याला पडतं. इतकं स्वस्त कर्ज कुठं नाही. ते आधी फेडायची घाई करू नकोस, पण त्याची मुदत जिवापाड सांभाळ. तारीख चुकली की ती सवलत गेली.

आता फेडायचा क्रम. सगळ्यांना थोडं थोडं देत बसलीस तर कुणाचंच संपत नाही. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेव आणि वरचा प्रत्येक रुपया सगळ्यात महाग देण्यावर घाल. आधी शेकड्यानं घेतलेलं, मग कार्ड, मग बाकीचं. एक पान संपलं की त्याचा हप्ता घरात विरू देऊ नकोस, तो पुढच्या पानाला जोड. उसाचं बिल यायच्या आधीच वहीत लिहून ठेव की संस्थेची कपात जाऊन उरलेलं कुठं जाणार. बिल खात्यावर आल्यावर ठरवायचं म्हटलं, की त्याला शंभर वाटा फुटतात.

आणि दूध बिल. दहा दिवसांनी बिल, म्हणजे महिन्याला तीन. त्यातलं एक वेगळ्या खात्यात टाक आणि त्याला हात लावू नकोस. तू म्हणशील, कर्ज असताना शिल्लक कशाला? अगं, म्हैस आजारी पडते, सासऱ्यांना कोल्हापूरला न्यावं लागतं, शाळेची फी येते. तेव्हा घरात वीस हजार असले तर तू कुणाच्या दारात जात नाहीस. नवं-जुनं थांबवायचं असेल, तर ही शिल्लक लागतेच.

सोन्याचं सांगताना माझा जीव तुटतो, तरी सांगते. मी माझ्या दोन पाटल्या मोडल्या. त्या आईनं केलेल्या होत्या. पण वर्षाला ३६ टक्क्यांचं देणं डोक्यावर ठेवून कपाटात सोनं ठेवणं मला परवडणारं नव्हतं. मोडलेल्या पैशातून फक्त देणं मिटवलं, एक रुपया इकडंतिकडं जाऊ दिला नाही. मंगळसूत्राला मी हात लावला नाही, तूही लावू नकोस.

आता अवघड भाग. हे सगळं नवऱ्याला सांग. तुझ्या डोळ्यांवरून मला कळलं, की बचत गटाचं एक कर्ज त्यांना माहीत नाही. कदाचित त्यांचंही एखादं तुला माहीत नसेल. एका घरात दोन लपवलेल्या वह्या असल्या तर कर्ज कधीच फिटत नाही. भांडण होईल. होऊ दे. आमच्याकडं तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी ह्यांनी स्वतःहून वही मागितली आणि एक पान वाढवलं, मित्राकडून घेतलेल्या पन्नास हजारांचं. त्या दिवसापासून आमचं कर्ज खऱ्या अर्थानं उतरायला लागलं.

घरातली कार्यं मी टाळ म्हणणार नाही. आपल्याकडं वर्षाची म्हाई होते, आदमापूरला बाळूमामांना जायचं असतं, भाचरांच्या लग्नात आहेर लागतो. माणसं जोडून ठेवायलाच हवीत. पण म्हाईच्या जेवणाला पन्नास पानं उठवायची का पंधरा, हे आपल्या हातात आहे. मी दोन वर्षं आहेर साधा केला आणि जावेला, नणंदेला समोर बसवून कारण सांगितलं. एकीनंही वाकडं तोंड केलं नाही. उलट नणंद म्हणाली, आधी सांगितलं असतंस तर लग्नातला एक पदार्थ मी कमी केला असता.

जामीनकीला मात्र आता ठाम नाही म्हण. सोबतच्या माणसानं सही मागितली की आपण भिडेखातर करतो. त्यानं थकवलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्यानं वसुली जामीनदारापर्यंत येते. स्वतःचं देणं संपेपर्यंत दुसऱ्याच्या कागदावर सही नको, एवढं बोलायला कचरू नकोस.

आणि घाबरवणाऱ्यांना घाबरू नकोस. गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांना २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता कामा नये. मुदतीआधी फेडलंस तर दंडही लावता येत नाही. बँकेनं किंवा कंपनीनं तक्रार ३० दिवसांत मिटवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. खाजगी सावकाराला तर राज्याच्या २०१४ च्या कायद्यानं परवाना लागतो, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दमदाटी झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं लेखी तक्रार दे. एकटी जाऊ नकोस, मला हाक मार, मी येईन.

आम्हाला सगळं मिटवायला पुढं तीन वर्षं लागली. पगार तोच होता, ऊस तेवढाच होता. फक्त त्या तीन वर्षांत आम्ही एकदाही नवं-जुनं केलं नाही.

उद्या माझ्याकडं येताना वही घेऊन ये, पोरी. पहिलं पान आपण दोघी मिळून लिहू.