मुळासकट काढण्यापूर्वी

माझ्या वडील बंधूंच्या स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेत गाठ असल्याचे निदान झाले तेव्हा वांद्र्याच्या सरकारी वसाहतीतील आमच्या बिऱ्हाडी जमलेल्या आप्तेष्टांचा एकच आग्रह होता, की व्याधी मुळासकट काढून टाकावी, म्हणजे पुढची विवंचना नको. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्याच वांद्र्यात, लीलावती रुग्णालयात दाखल झाले होते आणि पुढल्या वर्षी १७ मार्चला स्वादुपिंडाच्या कर्करोगानेच निवर्तले, हे स्मरत असल्याने त्या आग्रहाला भयाचीही जोड होती.

शस्त्रवैद्यांनी आमची समजूत शांतपणे घातली. अ‍ॅलन व्हिपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत ग्रंथीचे शीर्ष काढून उरलेला भाग बहुधा आतड्याला जोडतात. ग्रंथी मऊ व नलिका बारीक असली की त्या जोडातून पाचकरस पाझरण्याचा संभव वाढतो, आणि अन्न पचवणारा तो रस जवळच्या रक्तवाहिन्याही कुरतडू शकतो, म्हणून पोटातल्या नळीतून येणाऱ्या पाण्यातील अमायलेज या पाचकद्रव्याचे प्रमाण तपासत राहावे लागते. संपूर्ण ग्रंथी काढल्यास हा जोडच नसतो; परंतु साखर उतरवणारे इन्सुलिन आणि ती चढवणारे ग्लुकागॉन, दोन्ही एकाच वेळी नाहीसे होतात. पहिल्या मार्गातही पुढे मधुमेह जडू शकतो आणि उरलेल्या भागावर नजर ठेवावी लागते. तरी माझ्या मते पहिल्याचे मोठे संकट बहुधा आरंभीच्या आठवड्यांतच गुदरते, दुसऱ्याचे मात्र रुग्णाबरोबर घरी येऊन जन्मभर मुक्काम करते.

बंधूंचा बेत अर्धी ग्रंथी राखण्याचा होता. पण कापलेल्या कडेचा तुकडा शस्त्रक्रिया चालू असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तेथेही रोग आढळला, आणखी कापल्यावरही तोच दाखला मिळाला, आणि अखेर सगळीच ग्रंथी काढणे प्राप्त झाले. संमतिपत्रात ही शक्यता आधीच नमूद करून घेतली होती; प्रत्येक कुटुंबाने हे कलम सहीपूर्वी स्वतः वाचावे.

घरी आल्यावर एका उत्तररात्री वहिनींना जाग आली तेव्हा बंधूंचा सदरा घामाने चिंब झाला होता, हात कापत होते आणि बोलण्याची संगती लागत नव्हती. यंत्रावर साखर ४२ दिसली. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजता आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, त्यासाठी ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी ठेवण्याची तजवीज वैद्यांना विचारून करावी.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी अशा शस्त्रक्रिया वारंवार होतात असेच रुग्णालय निवडावे. ग्रंथीबरोबर प्लीहाही काढण्याचा संभव असल्यास न्यूमोकॉकस आदींच्या लसी निदान दोन आठवडे आधी घ्याव्या. पाचकरसाच्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर सुरू कराव्या, जेवण उरकल्यावर नव्हे. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, तेव्हा ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी वैद्यांशी आधीच मसलत करावी. आणि ज्वर आला, अन्न जाईना, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा किती घ्यायची हे त्याच दिवशी दूरध्वनीवरून विचारावे.