पिस्टनवरचे ओरखडे



प्रयोगशाळेच्या कपाटात एक जुना पिस्टन ठेवला आहे. तो माझ्या चेतक स्कूटरचा. २००३ च्या उन्हाळ्यात घाईत पेट्रोल भरले आणि त्यात टू-टी ऑइल घालायचे विसरलो. रावपुऱ्यातून दांडिया बाजाराकडे येताना इंजिन जाम झाले, मागचे चाक एकदम अडकले. मागे सहा वर्षांची मुलगी बसली होती. क्लच दाबला म्हणून बचावलो. चूक सर्वस्वी माझी. गॅरेजवाल्याने पिस्टन काढून हातात दिला, तर त्याच्या अंगावर उभे खोल ओरखडे!

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडले की क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर; आपला केस त्याच्या हजारो पट जाड. रासायनिक दृष्टीने हा थर म्हणजे कुरुंदच, ज्या दगडाने पूर्वी धार लावीत. थर कठीण, पण खालचा धातू मऊ. हलके घर्षण असेल तर थर थोडा फुटतो आणि पुन्हा तयार होतो. झीज होते, पण सावकाश. भार, वेग किंवा उष्णता फार वाढली की थराला भरून यायला वेळच मिळत नाही. मग उघडा धातू समोरच्या धातूला चिकटतो आणि सरकताना त्याचे लचके तुटतात. सुटलेले ऑक्साइडचे कण मध्ये अडकून कानशीचे काम करतात, ते वेगळेच.

म्हणून पिस्टन शुद्ध ॲल्युमिनियमचा करीत नाहीत. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन मिसळतात. सिलिकॉनचे कठीण कण भार पेलतात, शिवाय तापल्यावर धातू फुगतोही कमी. तरी माझ्या स्कूटरचा सिलिंडर बिडाचा होता, आणि बीड त्याहून पुष्कळ कमी फुगते. तेल नाही, पिस्टन फुगला, फट संपली. पुढचे वर सांगितलेच.

आर्चर्ड या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झीज भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभाग जितका कठीण तितकी ती कमी. परीक्षेत हे येणार नाही, तरी बारावीच्या मुलांनी टिपून ठेवावे. मात्र संरक्षक थर टिकेनासा झाला की झीज एकदम कित्येक पटींनी वाढते.

पालकांना विनंती : आजच्या फोर-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही, पण इंजिनातले तेल कमी होतेच. रविवारी मुलांसमोर तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी.

पिस्टन पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. ओरखड्यावर नख फिरवून बघायला परवानगी आहे.