मुलांच्या ताटाचे माप

वाचन : लूक ११:११-१३



मागच्या उन्हाळ्यात आपल्या वसतिगृहातील १४ मुले गडचिरोली जिल्ह्यातून शिबिरासाठी नागपूरला आली होती. त्यांना महाराजबाग दाखवली, फुटाळा तलाव दाखवला. शेवटच्या संध्याकाळी एका देणगीदार कुटुंबाने सगळ्यांना मोठ्या हॉटेलात जेवू घातले. तिथे मुलांसाठी चित्रांचे वेगळे कार्ड होते : फ्रेंच फ्राइज, चीज नूडल्स, छोटा पिझ्झा, चिकन नगेट्स आणि सोबत कोल्ड्रिंक. वरण नव्हते, पालेभाजी नव्हती, फळ नव्हते. एका मुलीने हळूच विचारले, “बाई, भात नाही का?” मी हसून म्हटले, “आज मजा कर.”

महिन्याभराने मी तिच्या गावी गेले. तिची आई अंबाडीची भाजी निवडत होती. ती रागावली नव्हती, पण सरळ बोलली : “तुमीच तं नेलं होतं तिले शहरात. आता पोरगी अंबाडीले नाव ठेवते.”

हा पाठ मी त्या वाक्यामुळे लिहीत आहे.

माप कोणते?

सरकारी शाळेच्या खिचडीला आपण नावे ठेवतो, पण तिला माप आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीसाठी हेच माप ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे आहे. हॉटेलच्या त्या रंगीत कार्डावर मात्र फक्त किंमत होती.

आता कोल्ड्रिंकऐवजी आपण देतो तो आंब्याच्या पेयाचा छोटा डबा घ्या. १०० मिलीलिटरला १२ ग्रॅम साखर धरली, तरी १५० मिलीलिटरच्या डब्यात १८ ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ चार चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. दिवसाला १,५०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. एका डब्यात दिवसाचा वाटा संपला.

आपल्या मुलांना हे जास्त का बाधते?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने उंचीला कमी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील सुमारे ६९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. अशा मुलाचे लहान पोट मैदा, तेल आणि साखरेने भरले, तर डाळीला आणि भाजीला जागा उरत नाही. पोट भरते, पण शरीर उपाशी राहते.

हे मोठ्या हॉटेलापुरतेच नाही. नागपूरच्या वस्त्यांमध्ये मुलांचे हॉटेल म्हणजे कोपऱ्यावरची टपरी : समोसा, चायनीज, पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. कामावरून दमून आलेली आई ते पाकीट देते, कारण ते स्वस्त आणि तयार असते. तिला दोष देऊ नये. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. पण आपण स्वतःच भेट म्हणून तेच वाटले, तर नियमाचा काय उपयोग?

वचनाकडे पाहू

मुलाने मासा मागितला तर बाप साप देत नाही, अंडे मागितले तर विंचू देत नाही, असा दाखला प्रभूने दिला. आमच्या मुलीने भात मागितला होता. आम्ही विष दिले नाही, हे खरे. वर्षातून एकदा पिझ्झा खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. पण शहराचे ते चांगले आणि आईच्या चुलीवरचे हलके, हा धडा आम्ही नकळत दिला. तो पिझ्झ्यापेक्षा जास्त काळ टिकतो.

आता काय करू?

या नाताळात संडे स्कूलच्या पिशवीत वेफर्स आणि डबा नको. एक उकडलेले अंडे, गूळ-फल्लीचा लाडू आणि एक संत्रे देऊ. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे शाळेच्या जेवणाच्या मापाचा अर्धा भाग. संत्र्यांचा तर तेव्हा आपल्याकडे हंगामच असतो. मुलांना हॉटेलात नेलेच, तर मोठ्यांच्या कार्डावरून वरण-भात, इडली-सांबार, ताक मागवू. आणि पुढच्या शिबिरात एक जेवण मुलांच्या आयांच्या हातचे असेल. अंबाडीची भाजी आणि भाकर आम्हीही त्याच पंगतीत बसून खाऊ.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीने मागच्या वर्षी मुलांना खाऊ म्हणून काय काय दिले? त्यात डाळ, अंडे, दाणे किंवा फळ किती वेळा होते?

२. आपण देतो ते मुलाच्या गरजेचे असते, की आपल्या फोटोसाठी शोभणारे?

३. आदिवासी घरातला कोणता पदार्थ आपण कधी आवडीने मागून खाल्ला आहे?