द्वीपप्रवासातील भोजन : रुग्णास काय सांगावे?

दिवाळी सरली की आमच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "वैद्यराज, अंदमानला निघालो आहोत, खाण्यापिण्याचे काय पथ्य पाळू?" सेल्युलर जेलचे दर्शन घ्यावे ही मराठी माणसाची जुनी ओढ, त्यात निवृत्तीनंतर हाती आलेला वेळ, त्यामुळे विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे, मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे असतात. या प्रश्नाला आपल्यापैकी अनेक जण जे उत्तर देतात तेच आम्हीही कित्येक वर्षे देत होतो : "बाहेरचे काही खाऊ नका." हे उत्तर सोपे आहे, वैद्याचा वेळ वाचविणारे आहे आणि आमच्या अनुभवानुसार ते अपायकारकही ठरू शकते.

डिसेंबर २०१७ मधील घटना. आमच्या नियमित उपचारातील एक सासष्ट वर्षांच्या बाई, मधुमेही, ग्लिमेपिराइड घेणाऱ्या, यात्रा-मंडळाबरोबर अंदमानास गेल्या. आमचा शब्द त्यांच्यासाठी प्रमाण. त्यांनी सोबत चिवडा, शंकरपाळे, खाकरे असा आठवड्याचा शिधा बांधून नेला आणि चार दिवस हॉटेलातील पानाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी बाराटांगची चुनखडीची गुंफा पाहण्याचा बेत होता. त्यासाठी पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्रीविजयपुरम) पहाटे साडेतीनच्या सुमारास निघावे लागते, कारण जारवा जमातीच्या राखीव अरण्यातून जाणाऱ्या गाड्या जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळीच ताफ्याने सुटतात. नाक्यावर ताफ्याची वाट पाहताना सर्वांनी तेथील टपरीवर गरम इडल्या, पुऱ्या घेतल्या. बाईंनी 'सकाळची गोळी' घेतली, दोन खाकरे खाल्ले आणि इडली नाकारली. पुढे सुमारे दीड-दोन तास अरण्यात गाडी थांबत नाही, थांबविता येत नाही. मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर उतरताना त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सोबतच्या एका निवृत्त परिचारिकेने प्रसंग ओळखून तत्काळ साखरेचे पाणी पाजले आणि पाठोपाठ गोड चहा व बिस्किटे दिली. म्हणून पुढचा अनर्थ टळला. परत आल्यावर बाईंनी आम्हांस अभिमानाने सांगितले, "पण तुमचे पथ्य मोडले नाही हो!" त्या वाक्याने आम्ही ओशाळलो. दोष त्यांचा नव्हता, गोळीचाही नव्हता. कोठे, केव्हा, काय मिळेल याचा विचार न करता सरसकट निषेध सांगणाऱ्या आमच्या सल्ल्याचा तो दोष होता.

त्यानंतर २०१९ च्या जानेवारीत आम्ही सहकुटुंब अंदमानास गेलो, तेव्हा पर्यटन निम्मे आणि निरीक्षण निम्मे असा प्रकार झाला. (घरच्या मंडळींचे मत याहून वेगळे आहे.) तेथील लहान खानावळींत बसून, स्वयंपाकघरांत डोकावून आणि मागाहून संहिता पुन्हा उघडून जे हाती आले ते वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

देश आणि सात्म्य

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात आनूप देशाचे जे वर्णन केले आहे त्यात नारळ व केळीची दाट बने, समुद्राची सीमा आणि वाऱ्याचे प्राबल्य येते. अंदमानच्या धक्क्यावर उभे राहिले की ते वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, हवेत सदैव ओल. अशा देशी वात-कफाचे विकार अधिक आणि अग्नी मंद, हे आपण जाणतोच. देशाच्या गुणांविरुद्ध गुणांचा आहार तो देशसात्म्य, हा नियम येथे लावला तर उष्ण, लघु, दीपन असे ताजे अन्न हवे. आता विचार करावा : सहा दिवसांपूर्वी तळलेला चिवडा, थंड, रूक्ष, ओल शोषून मऊ झालेला, आणि टपरीवरील नुकती पात्रातून काढलेली वाफाळती इडली. यांतील पथ्यकर कोणते? इडली आंबविलेली म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी येथे तरतम भाव पाहावा.

दुसरा मुद्दा सात्म्याचा. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात प्राच्य लोक मत्स्यसात्म्य आणि दक्षिणेकडील लोक पेयासात्म्य असल्याचे सांगितले आहे. अंदमानची आजची वस्ती पाहिली तर फाळणीनंतर वसविलेले बंगाली निर्वासित आणि तमिळ, तेलुगू, मल्याळी कुटुंबे यांचा तीत मोठा भाग आहे. म्हणजे चरकोक्त प्राच्य आणि दाक्षिणात्य एकाच बाजारात शेजारी शेजारी खानावळी चालवितात. याचा आपल्या रुग्णास प्रत्यक्ष लाभ आहे. पोट बिघडल्यास मल्याळी वा तमिळ खानावळीत 'कंजी' मागितली की पेज मिळते. बंगाली घरगुती खानावळीत 'फेनाभात' म्हटले की पेजेसह मऊ भात मिळतो. 'पेया द्यावी' असे आपण चिठ्ठीवर लिहितो, पण परमुलखात ती कोणत्या नावाने मागावी हे सांगत नाही. नाव सांगावे.

मत्स्यसात्म्य लोकांचे अन्न आपल्या शाकाहारी वा क्वचित मासे खाणाऱ्या रुग्णास एकदम सोसेल असे नाही. समुद्रातील मासे सुश्रुतांच्या मते गुरू, स्निग्ध, कफवर्धक. देशावरील ज्या गृहस्थाने वर्षात चार वेळा मासा खाल्ला, तो सहा दिवस दोन्ही वेळा तळलेला मासा खातो आणि मग "अंदमानचे पाणी बाधले" म्हणतो. पाण्याचा दोष असू शकतो, परंतु राशीचा विचार आधी करावा. अशांना आम्ही मासा दुपारीच, रश्शातील, भाताबरोबर आणि एकच तुकडा असे सांगतो, रात्री वरण-भात.

खानावळ कशी निवडावी

स्थानिक माणसे जेथे दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान दाटीने जेवतात ती खानावळ उत्तम. तेथे भात, डाळ, एक भाजी आणि माशाचा झोल एवढेच असते. जे शिजते ते तासा-दोन तासांत संपते. याउलट पर्यटकांसाठीच्या मोठ्या उपाहारगृहात चाळीस पदार्थांची यादी असते. दहा टेबलांचे गिऱ्हाईक आणि चाळीस पदार्थ हे गणित शीतकपाटावाचून सुटत नाही. त्या बेटांवर बराचसा माल चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतो आणि वीज अधूनमधून जाते हे लक्षात घेतले म्हणजे पुरे. मांडून ठेवलेले बुफे भोजन त्याहून वाईट, कारण ते कोमट असते. अन्न एकतर वाफाळते असावे, नाहीतर नुसते नाकारावे. कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर, बर्फ आणि नारळाची चटणी ही चार स्थाने रुग्णास नावे घेऊन सांगावीत. चटणीचा धोका अनेकांच्या ध्यानात येत नाही. सकाळी आठला वाटलेली चटणी त्या दमट उष्म्यात अकराला आंबते, आणि गरम डोशाबरोबर ती थंड चटणीच पोटात जाते.

चरकांनी विमानस्थानात सांगितलेल्या आहारविधीतील 'जीर्ण झाल्यावर खावे' आणि 'अतिघाईने खाऊ नये' हे दोन नियम सहलीच्या वेळापत्रकात पहिले बळी पडतात. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपास (२०१८ पर्यंतचे हॅवलॉक) जाणाऱ्या सकाळच्या बोटीपूर्वी लोक वडा आणि दुधाचा चहा घाईने घेतात आणि तासाभरात ओकतात. अगदी उपाशीपोटीही बोट लागते. तासभर आधी दोन इडल्या किंवा मूठभर साळीच्या लाह्या, आणि बोटीत सुंठीचा लहान तुकडा तोंडात धरणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते.

नारळाचे दूध आणि मासा

प्रवासाहून परतलेल्या रुग्णांचा हा ठरलेला प्रश्न : "नारळाच्या दुधातली माशाची कढी खाल्ली, दूध आणि मासा विरुद्ध ना?" एका तरुण वैद्यमित्रानेही हाच प्रश्न आम्हांस गंभीरपणे विचारला होता. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायातील मत्स्य-क्षीर विरोध प्राण्याच्या दुधासंबंधी आहे. नारळाचे 'दूध' ही केवळ बोलीतील उपमा. तो फळाचा रस. कोकण-गोव्यात तर त्याला रस असेच म्हणतात आणि तेथे पिढ्यान्पिढ्या माशाचे कालवण त्यातच होते. तेव्हा येथे विरोध नाही. गुरुत्व मात्र दुप्पट आहे, म्हणून मात्रा सांभाळावी. खरा विरोध पुढे घडतो : माशाच्या जेवणानंतर त्याच टेबलावर मागविलेले मिल्कशेक, कुल्फी, फालुदा. तो कोणी विचारीत नाही.

बंगाली दोई-माछ, म्हणजे दह्यातील मासा, हा प्रश्न थोडा नाजूक आहे. सात्म्य असेल, मात्रा अल्प असेल, अग्नी प्रदीप्त असेल, तारुण्य व व्यायाम असेल तर विरुद्धही निष्फळ ठरते, असे चरकच सांगतात. बंगाली बांधवास ते लागू. आपल्या मंदाग्नी, मधुमेही, बसून प्रवास करणाऱ्या रुग्णास यातले एकही लागू नाही. आम्ही त्याला ते नको म्हणतो.

सर्वच लाल चट्टे विरुद्धाहाराचे नव्हेत

येथे एक सावधानता सांगणे आवश्यक वाटते. रत्नागिरीकडील एक मत्स्याहारी गृहस्थ स्वराज द्वीपावर तळलेला ट्यूना खाऊन अर्ध्या तासात लालबुंद झाले. चेहरा तापला, अंगावर गांधी उठल्या, डोके ठणकले. तेथील डॉक्टरांनी अॅलर्जीवरील गोळी दिली, सकाळपर्यंत सर्व शमले. परतल्यावर एका व्यावसायिकाने त्यांस उदर्द-कोठाचे निदान करून जन्मभर मासे वर्ज्य सांगितले. कोकणी माणसास ही शिक्षाच! आमच्याकडे आले तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारला : त्याच ताटातील मासा आणखी कोणी खाल्ला? पत्नी आणि मेव्हणा, दोघांनाही तसाच त्रास झाला होता. एकाच वेळी तिघांना अॅलर्जी होत नाही. ट्यूना, बांगडा, सुरमई यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेशा थंडाव्यात न ठेवल्यास त्यांत हिस्टामीन साठते. ते तळल्याने वा शिजविल्याने नष्ट होत नाही, आणि मासा वासाला चांगला असू शकतो. जिभेला मिरपुडीसारखी चुरचुर लागली तर घास तेथेच टाकावा. गृहस्थांनी, आम्हांस न विचारताच, मधल्या काळात घरी दोनदा सुरमई खाल्ली होती आणि काही झाले नव्हते! तथापि धाप लागणे, घसा आवळणे, चक्कर येणे यांतील काहीही असल्यास निदानाचा काथ्याकूट न करता रुग्णालय गाठण्यास सांगावे.

प्रवाळद्वीपांच्या परिसरात दुसरे एक मत्स्यविष संभवते : सिग्वाटेरा. सूक्ष्म शैवालातील विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जाते. तेही शिजवून जात नाही. उलट्या-जुलाबांबरोबर ओठांभोवती मुंग्या येणे आणि थंड वस्तूचा स्पर्श दाहक भासणे ही त्याची विशेष चिन्हे. मुंग्यांची तक्रार कित्येक आठवडे टिकू शकते, म्हणून ती वातव्याधी समजून चिकित्सा सुरू करण्यापूर्वी प्रवासाचा आणि माशाचा इतिहास अवश्य घ्यावा. काचेआड मांडलेला सर्वांत मोठा हेकरू वा बाराकुडा निवडण्याचा मोह टाळावा, हे त्यामुळेच.

सोबतची औषधे

औषधी दुकानदार बंधूंसाठी हा भाग. त्या ओलसर हवेत क्षार-लवणयुक्त चूर्णांचे दोन दिवसांत ढेकूळ होते; म्हणून चूर्णाऐवजी वटी द्यावी, तीही मूळ वेष्टनात. कागदाच्या बेनावी पुड्या विमानतळावर अडचणीच्या ठरतात आणि रुग्णही त्यांची अदलाबदल करतो. लवणभास्करात चार लवणे आहेत, शंखवटीतही पंचलवण व वत्सनाभ आहे. रक्तदाबाच्या वा हृदयरुग्णाच्या हाती ती सहज ठेवू नयेत. कुटजघन वटी अवश्य द्यावी, पण पहिल्याच जुलाबास नव्हे. आमातिसारात आरंभीच स्तंभन केल्यास दंडक, अलसक, आध्मान, ग्रहणीदोष अशी उपद्रवमाला चरकांनी सांगितली आहे. आधी सुंठीचे कोमट पाणी, पेज आणि जलसंजीवनी.

जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येकास चार तरी द्यावीत, आणि एक पाकीट एक लिटर पाण्यात, ते पाणी सीलबंद किंवा उकळलेले, हे तोंडी सांगावे. "तेथे शहाळी मुबलक आहेत, मग हे कशाला?" असे गिऱ्हाईक म्हणते. शहाळ्याचे पाणी तृष्णाहर, लघु, बस्तिशोधन खरे. परंतु त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम अधिक असते, त्यामुळे जुलाबात झालेली झीज ते एकटे भरून काढीत नाही. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना तर ते मोजूनच द्यावे. ताप, रक्तमिश्रित मल, चोवीस तासांहून अधिक काळ जुलाब, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले की डॉक्टरकडे जावे, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावे.

मधुमेह्यांच्या चिठ्ठीवर आम्ही आता आणखी एक ओळ लिहितो, आणि ती लिहिण्यापूर्वी गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घेतो : गोळी घड्याळाबरोबर नव्हे, ताटाबरोबर. खिशात खडीसाखर ठेवावी. त्या बाई २०२२ मध्ये पुन्हा प्रवासास निघाल्या, या वेळी लक्षद्वीपला. निघण्यापूर्वी आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि पहिला प्रश्न होता, "तिथे पेजेला काय म्हणतात?"