नाताळचा गोठा आणि सरकारी जागा

नाताळ आला की वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून गोठा मांडतात. त्यात गुरे, मेंढपाळ, मरिया आणि योसेफ असतात. मधे गव्हाणीत बाळ येशू. घरात मांडा, चर्चमध्ये मांडा, कोण विचारतो? पण हाच गोठा सरकारी कचेरीत मांडला तर? अमेरिकेत यावरून खटले झाले. त्यांतले दोन आज आपण वाचू.

अमेरिकेच्या घटनेत 1791 पासून एक नियम आहे. सरकारने कोणताही धर्म आपला म्हणून स्थापायचा नाही. आणि कोणाला आपला धर्म पाळू न देणे, हेही करायचे नाही.

पॉटकेट नावाचे एक शहर आहे. तिथली नगरपालिका दर नाताळात बाजारपेठेतल्या बागेत आरास करी. सांताक्लॉजचे घर, हरणे, सजवलेले झाड, विदूषक, हत्ती, आणि त्यांतच गोठा. बाग एका संस्थेची. पण गोठा नगरपालिकेचा, 1973 साली 1,365 डॉलर मोजून घेतलेला. काही लोकांनी फिर्याद केली. सगळ्यांच्या पैशातून एकाच धर्माची मांडणी का, हा त्यांचा सवाल. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. पाच न्यायमूर्ती एका बाजूला, चार दुसऱ्या. गोठा राहिला. सणाच्या आराशीतला तो एक भाग, असे पाचांचे म्हणणे पडले.

दुसरा खटला पिट्सबर्ग शहरातला, 1989 सालचा. इथे गोठा थेट न्यायकचेरीच्या मुख्य जिन्यावर होता. भोवती फुलझाडे, बाकी काही नाही. गोठा एका कॅथलिक मंडळाचा होता, तशी पाटीही होती. पण पाटीने भागले नाही. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, हे चालणार नाही.

जवळच दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर 45 फुटी नाताळचे झाड होते. शेजारी ज्यू लोकांच्या हनुक्का सणाची 18 फुटी दिवटी. (आपल्या कोकणातले बेने इस्रायल याच धर्माचे, बरं का.) ती मात्र चालेल, असे सहा जणांनी ठरवले.

मग हरणे मोजून न्याय करायचा काय, अशी थट्टा तिकडे झाली. थट्टा अगदीच खोटी नाही. पण आम्हाला जिन्याचा मुद्दा पटतो. समजा, एक गरीब माणूस दाव्यासाठी कचेरीत आला. त्याचा धर्म वेगळा. जिन्यावर एकाच धर्माची मांडणी पाहून त्याच्या मनात येईल, "इथं माझं ऐकतील ना?" बागेतून जाताना ही भीती नसते. तिथे त्याला कोणापुढे हात जोडायचे नसतात.

चौक सगळ्यांनाच खुला असेल तर गोष्ट निराळी. 1995 साली ओहायो राज्यातला खटला निघाला. तिथल्या सरकारी चौकात कोणीही अर्ज करून आपले काही उभारू शके. मग खासगी मंडळींचा क्रूस तेवढा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तो मागणारी टोळी काळ्या लोकांचा द्वेष करणारी होती, तरीही.

पुढे 2022 साली न्यायालयाने तोलण्याचे माप बदलले. पाहणाऱ्याला काय वाटेल, हे माप बाजूला ठेवले. जुना इतिहास आणि रूढी काय सांगते, ते आता पाहतात.